सकाळी नऊला न दिसणारे कोळी : शेतातली कोळ्यांची विविधता कशी मोजायची

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. एका हंगामात पिकातल्या कोळ्यांची विविधता मोजायची आहे. त्यासाठी दर आठवड्याला सकाळी नऊच्या सुमारास ठरावीक ओळींतून फिरून, हातजाळी मारून कोळी गोळा केले. सहा आठवड्यांत १४० कोळी आणि ११ जाती मिळाल्या. त्यातल्या चार जातींचा एकेकच नमुना आहे, दोन जातींचे दोन-दोन. मधेच एक फवारणीही झाली. तर "या शेतात कोळ्यांची विविधता कमी आहे" असा निष्कर्ष काढावा का? आणि कोळ्यांचा पिकाला खरंच काही उपयोग असतो का?

निष्कर्ष एवढ्यात लिहू नका. सकाळी नऊ वाजता पिकाच्या शेंड्यावर जे कोळी असतात तेवढेच तुमच्या जाळीत आलेत. जमिनीवरचे, बुंध्यापाशी राहणारे, पानाच्या गुंडाळीत झोपलेले आणि रात्रीच बाहेर पडणारे कोळी तुमच्या मोजणीत अजून आलेच नाहीत.

त्याआधी नावाचा एक घोळ मिटवून टाकू, कारण अहवालात तो हमखास शिरतो. मराठीत आपण "कोळी" हा शब्द दोन अगदी वेगळ्या जिवांना वापरतो. "लाल कोळी पडलाय" म्हणतो तेव्हा तो पानाच्या मागे बसून रस शोषणारा, टाचणीच्या टोकाएवढा जीव असतो. ती कीड आहे. जाळं विणणारा किंवा धावून शिकार धरणारा कोळी हा परभक्षी. दोघांनाही आठ पाय, दोघेही अष्टपाद वर्गातले, पण नातं तेवढंच. या घोळाची किंमत शेतात मोजावी लागते. "पिकावर कोळी आहेत" एवढं ऐकून कोळीनाशक फवारलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय, आणि पिकावर होते ते शिकार करणारे कोळी. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर कोणता कोळी ते स्पष्ट लिहा. आणि त्यांना "मित्रकीटक" लिहू नका, कोळी कीटक नव्हेत. "परभक्षी" हा शब्द बरोबर बसतो.

कोळी पीक खातात का, हेही लोक विचारतात. नाही. मध्य अमेरिकेत बाभळीच्या जातीच्या झाडांवर राहणारा बघीरा किपलिंगी नावाचा एक कोळी मुख्यतः वनस्पतींवर जगतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा त्याचं केवढं तरी अप्रूप वाटलं होतं. जगात कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यात असा जवळजवळ शाकाहारी म्हणून हाच एक ठळकपणे सांगता येतो. इतर काही कोळी अधूनमधून फुलांतला मध चाखतात, पण पान कुरतडणारा कोळी तुम्हाला पिकात सापडायचा नाही.

आता कोण कुठे राहतो ते पाहू. तुमची पुढची सगळी मोजणी यावरच उभी राहणार आहे.

जमिनीवर लांडगा कोळ्यांचं राज्य असतं. हे जाळं विणत नाहीत, धावून शिकार धरतात. भाताच्या खाचरात चुडाच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या पुंजक्याच्या) बुंध्याशी हात घालून चूड हलकेच झटका. पाण्यावर चार-पाच तपकिरी ठिपके पडतील आणि बुडायच्या ऐवजी पाण्यावरूनच पळत पुढच्या चुडाला जातील. आशियातल्या भातशेतीत हा बहुतेक वेळा पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा असतो. पाठीवर डोळ्यांपासून मागे जाणारा फिकट पट्टा ही त्याची खूण. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर आली की ती आईच्या पाठीवर चढून बसतात, कधी कधी साठ-ऐंशी एकदम. अशी मादी बोटाने डिवचली तर पाठीवरचा करडा थर फुटून चहूकडे सांडतो आणि मग कळतं की तो थर नव्हता, पिल्लं होती. हा कोळी दिवसाला पाच ते पंधरा भक्ष्यं मारू शकतो आणि भाताचा रस शोषणारी कीड, तपकिरी तुडतुडा, त्याच्याच मजल्यावर, बुंध्याशी राहते. दोघांचा पत्ता एकच असणं ही भाताच्या बाबतीत मोठी गोष्ट आहे.

मधल्या भागात, पानांवर आणि फांद्यांवर, लिंक्स कोळी. पायांवर उभे राठ काटे आणि डोळ्यांची षटकोनी मांडणी, ही त्याची ओळख. उड्या मारणारे कोळीही इथेच. त्यांचे पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात आणि तुम्ही हललात की तेही तोंड वळवून तुमच्याकडे बघतात. फुलांवर खेकडा कोळी. तो फुलाच्या रंगाशी मिळून जातो. त्याच्या काही जाती तर काही दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्या होतात.

वरच्या भागात जाळी विणणारे. लांब जबड्याचा टेट्राग्नाथा दिवसा पानाच्या शिरेला समांतर, पाय पुढे-मागे ताणून असा चिकटून बसतो की पानावरची काडीच वाटावी. आडवं जाळं संध्याकाळी पाण्याच्या वर विणतो. निओस्कोनासारख्या गोल जाळ्याच्या कित्येक जाती अंधार पडताना जाळं बांधतात आणि पहाटे गुंडाळून खाऊन टाकतात. सकाळी नऊ वाजता हे कोळी दुमडलेल्या पानात बसलेले असतात आणि जाळ्याचा मागमूस नसतो. तुमच्या यादीत सही कोळी भरपूर आणि निओस्कोना नाही, असं असेल तर कारण हेच असावं. सही कोळी दिवसाही जाळ्याच्या मधोमध, पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांवर पाय टेकून बसतो, त्यामुळे तो चुकत नाही.

या सगळ्यांत मिसळलेले, फारसे कुणाच्या ध्यानात न येणारे कोळी म्हणजे पान वळवून त्याची पिशवी शिवणारे कायराकँथियम आणि क्लुबियोना, आणि जमिनीलगत चादरीसारखी बारीक जाळी विणणारे दोन-तीन मिलिमीटरचे बटू कोळी. युरोपातल्या गव्हा-बार्लीच्या शेतांत याच बटू कोळ्यांची संख्या सर्वांत जास्त भरते. हातजाळीत ते येतात, पण पिशवी उलटी करताना कचऱ्याबरोबर फेकले जातात. पांढऱ्या ट्रेमध्ये जाळी रिकामी करा आणि दोन मिनिटं काहीही न करता नुसतं बघत बसा. हलणारा प्रत्येक ठिपका उचला.

आता रात्रीकडे येतो. मीही सुरुवातीची बरीच वर्षं दिवसाच मोजत होतो, म्हणून हे आवर्जून सांगतो. डोक्याला बॅटरी बांधून अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी त्याच ओळींतून जा. बॅटरी कपाळावरच हवी, हातात नको, कारण लांडगा कोळ्याच्या डोळ्यांतून परतणारा प्रकाश आला त्याच रेषेत मागे जातो आणि दिवा तुमच्या डोळ्यांजवळ असेल तरच तो तुम्हाला दिसतो. जमिनीवर हिरवट ठिणग्या चमकतात. पहिल्यांदा दव वाटेल. जवळ जा, ठिणगी सरकली की तो कोळी. सकाळी ज्या पन्नास पावलांत तुम्हाला तीन लांडगा कोळी दिसले असतील, तिथेच रात्री किती निघतात ते स्वतः मोजून बघा. अमेरिकेत टेक्ससमधल्या पिकांत पतंगांची अंडी कोण खातं हे रात्री जागून पाहिलं गेलं, तेव्हा भटके कोळी अंडी खाताना पुन्हा पुन्हा सापडले. दिवसाच्या पाहणीत हे कुणाला दिसणारच नव्हतं. पतंगाची स्थिर, न हलणारी अंडीही कोळी खातात, हे पुष्कळांना अजून खरं वाटत नाही.

तेव्हा पद्धत एकच नको. हातजाळी चालू ठेवा, पण फटक्यांची संख्या ठरवून घ्या आणि दर वेळी तेवढेच मारा. जमिनीसाठी खड्डा सापळे लावा : साधारण नऊ-दहा सेंटिमीटर तोंडाचा प्लास्टिकचा पेला, काठ मातीशी अगदी सपाट, आत साबणाचे दोन थेंब घातलेलं मिठाचं पाणी, वर पावसाला छप्पर. काठ मातीच्या वर अर्धा सेंटिमीटर जरी राहिला तरी कोळी वळसा घालून निघून जातो. सापळे लावल्यावर गुडघ्यावर बसून बोटाने प्रत्येक काठ चाचपून बघा. सोयाबीन, कापूस अशा पिकांत झाडाखाली पांढरं कापड धरून झाड झटका. आणि महिन्यातून किमान दोनदा रात्रीची फेरी. या चारही पद्धतींचे आकडे वेगवेगळे लिहा, बेरीज करून टाकू नका. खड्डा सापळ्यातून शेतात किती कोळी आहेत यापेक्षा किती कोळी फिरत आहेत हे कळतं. मीलनाच्या काळात नर मादीच्या शोधात भटकतात आणि सापळा नरांनी भरतो. त्याचा अर्थ संख्या वाढली असा होत नाही.

नमुने ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघून येते. मग तारीख, ओळ, पद्धत सगळंच जातं आणि कोळी उरतो, पण त्याचा उपयोग उरत नाही.

ओळख हा तुमच्या ११ जातींमधला सगळ्यात नाजूक भाग. कोळ्याची जात रंगावरून ठरत नाही. प्रौढ नराच्या तोंडाजवळचे दोन छोटे पाय टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे फुगलेले असतात आणि त्यांची आतली रचना जातीगणिक वेगळी असते. प्रौढ मादीच्या पोटाखाली पुढच्या भागात कठीण तपकिरी चकतीसारखं जननांग असतं, तेही तसंच. सूक्ष्मदर्शकाखाली ते कुलुपाच्या भोकासारखं दिसतं आणि एकदा नजर बसली की दोन हुबेहूब वाटणारे कोळी एका क्षणात वेगळे पडतात. पिल्लांना यातलं काहीच नसतं. पिकातून गोळा केलेल्या कोळ्यांत पिल्लं खूप असतात, कित्येकदा निम्म्याहून जास्त. त्यांना कुळापर्यंत ओळखा आणि तिथेच थांबा. पिल्लू वेगळ्या रंगाचं म्हणून त्याची वेगळी जात धरली, किंवा सही कोळ्याचा चिमुकला नर आणि त्याची कितीतरी पट मोठी मादी अशा दोन जाती मोजल्या, तर ११ चा आकडा फुगतो. तुमच्या चार "एकेकट्या" जातींकडे या नजरेने पुन्हा एकदा बघा. त्यात पिल्लं किंवा नर आहेत का?

समजा त्या चारही खऱ्या निघाल्या. मग त्या चार आणि दोन या आकड्यांतच तुमचं उत्तर दडलंय. एकेकदाच सापडलेल्या जाती जितक्या जास्त, तितक्या न सापडलेल्याही जास्त असणार. याचा चाओ नावाचा साधा अंदाज आहे : सापडलेल्या जाती, अधिक एकेकट्या जातींच्या संख्येचा वर्ग भागिले दोन-दोनदा सापडलेल्या जातींच्या संख्येची दुप्पट. तुमच्याकडे ११ अधिक १६ भागिले ४, म्हणजे १५. आणि हा अंदाज कमीत कमी किती याचा असतो, तोही तुमच्या एका पद्धतीच्या आणि एका वेळेच्या आवाक्यातला. दुसऱ्या वेळेचे कोळी यात धरलेलेच नाहीत.

शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांची संख्या किती सारखी वाटलेली, हे एका आकड्यात सांगणारं माप) काढा, पण तो नेमकं काय सांगतो ते समजून. शंभर कोळी, पाच जाती, प्रत्येकीचे वीस, तर निर्देशांक १.६१ येतो. तेच शंभर, त्याच पाच जाती, पण एकीचे ८० आणि बाकीच्यांचे पाच-पाच, तर ०.७८. जातींची संख्या तीच, आकडा निम्म्याहून खाली. दुसऱ्या शेतात व्यवहारात दोनच जातींइतकी विविधता आहे, असा त्याचा अर्थ. भाताच्या शेतात लांडगा कोळी प्रचंड वाढले तर निर्देशांक घसरतो आणि तरीही तुडतुड्यांच्या दृष्टीने ते शेत फार चांगलं राखलेलं असू शकतं. म्हणून नुसत्या निर्देशांकावर शेत "चांगलं" की "वाईट" हे ठरवू नका. शेजारी एक तक्ता द्या : जमिनीवर धावणारे किती, पानांवर टपून बसणारे किती, जाळी विणणारे किती, रात्रीचे किती. मला स्वतःला कुठल्याही अहवालात हा तक्ता सर्वांत आधी बघावासा वाटतो.

आता उपयोगाचा प्रश्न. कोळी जगभरात वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. आकडा लोक उत्साहाने सांगतात, पण त्यातला बहुतेक वाटा जंगलांचा आणि गवताळ प्रदेशांचा आहे. दर हंगामाला नांगरल्या, कापल्या, फवारल्या जाणाऱ्या शेतांचा वाटा फार थोडा. शेत हे कोळ्याचं अस्थिर घर आहे आणि दर हंगामात त्याला ते नव्याने वसवावं लागतं. बांधावरून चालत येणारे येतात, आणि पिल्लं पोट वर करून रेशमाचा धागा सोडून हवेतून येतात. १८३२ मध्ये डार्विनच्या जहाजावर किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर असे असंख्य कोळी उतरले होते. हवेतलं विद्युतक्षेत्र नुसतं जाणवलं तरी ते उड्डाणाची तयारी करतात, हे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसलं.

कोळ्यांची ताकद त्यांच्या वेळेत आहे. परोपजीवी गांधीलमाशी कीड आल्यावर वाढते. कोळी कीड यायच्या आधीच तिथे असतो, कारण तो काहीही खातो आणि काही नसेल तर आठवडेच्या आठवडे उपाशी काढतो. जावा बेटावरच्या भातशेतीत १९९० च्या दशकात याचा सुंदर उलगडा झाला. लावणीनंतर सुरुवातीला कीड नसतेच, तेव्हा कोळी जगतात ते कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या शेवाळावर वाढणाऱ्या चिलटांवर आणि बारीक कीटकांवर. शेतात सेंद्रिय पदार्थ घातल्यावर ही चिलटं वाढली आणि त्यांच्या मागोमाग परभक्षीही. म्हणजे तुडतुडे येईपर्यंत पहारा आधीच बसलेला. शेतातली ती "निरुपयोगी" चिलटं बघून कुणी पहिली फवारणी करतं, तेव्हा पहाऱ्याची शिदोरी जाते.

हे करताना मर्यादाही लिहा. मावा हे बऱ्याच कोळ्यांसाठी हलकं अन्न आहे. नुसत्या माव्यावर त्यांची वाढ नीट होत नाही, त्यामुळे भडकलेला मावा एकटे कोळी आटोक्यात आणत नाहीत. खोडात शिरलेला किडा किंवा बोंडात गेलेली अळी त्यांच्या हाती लागत नाही. आत शिरण्याआधीची कोवळी अळी आणि अंडी घालायला आलेला पतंग मात्र लागतो. खेकडा कोळी मधमाशीही धरतो, कोळी कोळ्याला खातो. दुसऱ्या बाजूला, जाळ्यात मरणारे आणि कोळ्याच्या नुसत्या वावराने खाणं सोडून झाडावरून खाली पडणारे कीटक आपल्या "किती खाल्ले" या हिशेबात येतच नाहीत.

तुमच्या मोजणीच्या मधेच फवारणी झाली, हे मी शेवटी ठेवलं कारण त्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय. कोळ्याला विष तीन वाटांनी पोचतं : फवारलेल्या पानावर चालताना, विष खाल्लेली शिकार खाताना, आणि जाळ्यातून. जाळं फवाऱ्याचे थेंब धरून ठेवतं आणि कोळी ते जाळं खातो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं कोळ्यांना फार घातक ठरतात. कडुनिंबाची औषधं त्या मानाने बरीच सौम्य. कीड लवकर सावरते, कारण तिच्या पिढ्या झपाट्याने होतात. कोळ्याच्या वर्षाला एक किंवा मोजक्याच पिढ्या होतात.

तपकिरी तुडतुड्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्याची मादी अंडी पानाच्या देठाच्या आवरणात, उतींच्या आत घालते. फवारणीत वरचे तुडतुडे मरतात, कोळीही मरतात, अंडी सुखरूप राहतात. काही दिवसांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा बुंध्याशी त्यांना धरणारं कुणीच नसतं. फवारणीनंतर कीड उलट वाढते ती अशी. इंडोनेशियात हे इतक्या मोठ्या प्रमाणावर झालं की १९८६ मध्ये सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली.

तेव्हा तुमचे सहा आठवडे एकत्र करू नका. फवारणीपूर्वीचे आणि नंतरचे आठवडे वेगळे मांडा, औषधाचं नाव, मात्रा, तारीख लिहा. शक्य असेल तर न फवारलेला एक तुकडा आजपासून शेजारी धरा. नाही तर पीक वाढताना कोळी आपोआप वाढतात, ती वाढ आणि फवारणीचा फटका एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही कळत नाहीत. बांधावरही वेगळी मोजणी करा. नांगरणीनंतर आणि फवारणीनंतर कोळी परततात ते मुख्यतः तिथून, आणि बांध तणनाशकाने जाळलेला असेल तर ती वाट बंद झालेली दिसेल.

कोळी टिकवायला काय करावं, याचं उत्तर त्यामुळे फार खर्चिक नाही. बांधावर गवत आणि फुलं राहू द्यावीत, ओळींत काडीकचऱ्याचं आच्छादन घालावं, आर्थिक नुकसान पातळी (कीड इतकी की होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त) ओलांडल्याशिवाय फवारू नये, आणि फवारायचंच तर लागण झालेल्या पट्ट्यातच. अमेरिकेत कोळ्यांच्या अभ्यासक सुझन रिशर्ट यांनी भाज्यांच्या वाफ्यांवर प्रयोग केले. आच्छादन घातलेल्या वाफ्यांत कोळी वाढले आणि नुकसान घटलं. तिथून कोळी काढून टाकल्यावर तो फायदाही गेला. चीनमध्ये भाताच्या शेतात कोळ्यांना आसरा म्हणून पेंढ्याच्या जुड्या ठेवतात.

हाताळण्याबद्दल एकच. शेतातले बहुतेक कोळी माणसाला चावायला जात नाहीत, पण पानाची पिशवी उघडताना कायराकँथियम चावू शकतो आणि ते दुखतं. तिथे चिमटा वापरा. आणि ती पिशवी उघडून आत मादी अंड्यांवर बसलेली दिसली तर "मादी, अंड्यांसह" एवढी नोंद करा, पान होतं तसं दुमडून पुन्हा झाडावर राहू द्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाभोवती पिल्लं मोजा.